एकाच दिनदर्शिकेवरच्या दोन खुणा

(पुण्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्यांच्या विद्यार्थिनींकडून मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली आहे. दहावीच्या पुस्तकातला प्रजननसंस्थेचा धडा आला, की ‘हा तुम्ही घरी वाचून या’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. फळ्यावर आकृती काढून, नावं लिहून, इतर धड्यांसारखाच तो शिकवायच्या. मी लहान मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर आहे. माझं आजचं व्याख्यान म्हणजे त्याच धड्याचं एक सुटलेलं पान आहे, असं समजा.

विषय आहे अपस्माराचा. म्हणजे आपण ज्याला फिट येणं, आकडी, फेफरं, मिरगी म्हणतो त्याचा. आणि त्यातही वयात येणाऱ्या मुलींचा. मेंदू, संप्रेरकं आणि औषधं ही तीन माणसं एका घरात राहतात, पण त्यांचं एकमेकांशी काय चाललेलं असतं हे घरातल्या कुणालाच नीट ठाऊक नसतं.

माझ्या तपासणीच्या खोलीत वर्षानुवर्षं घडणारा प्रसंग सांगते. ही एक मुलगी नाही, अनेक मुली आहेत. म्हणून तिला नाव देत नाही. वय तेरा-चौदा. सोबत आई आणि बाबा. बाबा पिशवीतून जाड फाइल काढतात. त्यात ईईजी आहे, एमआरआय आहे, औषधांच्या चिठ्ठ्या आहेत आणि फिट आल्याच्या तारखा आहेत. तारखा कुठून आणल्या, विचारलं तर म्हणतात, “स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे ना, त्यावर मी लाल पेनानं फुली मारतो.” मी मुलीला विचारते, “पाळी सुरू झाली का गं? कधी येते?” खोली एकदम गप्प होते. बाबा खिडकीबाहेर बघतात. आई आवाज खाली आणून म्हणते, “झाली की, वर्ष झालं. पण त्याचा काय संबंध, डॉक्टर?” मुलगी मात्र हळूच सांगते, “मी त्याच कालनिर्णयावर पेन्सिलनं ठिपका देते. कोपऱ्यात. कुणाला दिसू नये असा.”

भिंत एक, दिनदर्शिका एक, दोन खुणा. एक बाबांच्या हातची, एक मुलीच्या हातची. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, संकष्टी, सगळं त्या पानावर शेजारी शेजारी आहे आणि रोज वाचलं जातं. या दोन खुणा मात्र आजवर कुणी एकत्र वाचलेल्या नाहीत. त्या एकत्र वाचा, एवढंच मला आज सांगायचं आहे. त्यासाठी शास्त्र थोडं समजून घ्यावं लागेल, इतिहासही थोडा बघावा लागेल.

‘अपस्मार’ हा शब्द फार जुना आहे. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात या विकाराला स्वतंत्र अध्याय आहे. स्मृती निघून जाणं, असा त्याचा अर्थ. नटराजाच्या मूर्तीत शिवाच्या पायाखाली जो बुटका पुरुष दाबलेला दिसतो, त्याचंही नाव अपस्मार. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या आजाराला वैद्यकातही जागा दिली आणि मूर्तीतही. पण फिट आलेल्या माणसाला कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, हातात किल्ल्या कोंबणं, अंगात आलं म्हणून देवऋषाकडे नेणं हेही आपल्याकडे चाललं आणि अजून चालतं. आज जगभरचा अनुभव असा आहे, की योग्य औषधं नियमित घेतली तर १०० पैकी ७० रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या विद्युत संदेशांचा काही क्षणांचा गोंधळ. त्यात बाहेरचं काही अंगात येत नाही आणि कुणाचं पापही नसतं.

या आजाराची आणि पाळीची गाठ वैद्यकाच्या इतिहासात फार लवकर पडली. तारीख आहे ११ मे १८५७. मेरठचे बंडवाले शिपाई त्याच दिवशी दिल्लीत शिरले होते. तिकडे लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत अपस्मारावर एक निबंध वाचला गेला आणि नंतरच्या चर्चेत सर चार्ल्स लोकॉक बोलायला उभे राहिले. राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे हे डॉक्टर. त्यांनी सांगितलं, की काही तरुण स्त्रियांना फक्त पाळीच्या दिवसांत फिट येतात, आणि अशा चौदा-पंधरा जणींना त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिलं. एक सोडली तर बाकी सगळ्यांना गुण आला. अपस्मारावरचं पहिलं खरं परिणामकारक औषध जगाला मिळालं ते असं. पाळीच्या तारखा आणि फिटच्या तारखा कुणीतरी एकत्र वाचल्या म्हणून.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. लोकॉक यांनी ब्रोमाइड निवडलं, कारण ते कामवासना शमवतं असं तेव्हा मानलं जाई, आणि स्त्रीच्या फिटचं मूळ तिच्या वासनेत, तिच्या ‘हिस्टेरिया’त आहे अशी त्या काळची समजूत होती. औषध बरोबर निघालं, पण ते देण्यामागचं कारण चुकीचं होतं. तारखा नीट पाहिल्या गेल्या, पण त्या तारखांवरून मुलीच्या स्वभावाचा निवाडा झाला. पुढची दीडशे वर्षं स्त्रियांनी पाळी आणि फिट यांचा संबंध सांगायचं टाळलं असेल, तर त्याला हा निवाडाही कारणीभूत आहे असं मला वाटतं. कोण सांगेल, जर सांगितल्यावर आजार बाजूला राहून चारित्र्याचीच तपासणी होणार असेल?

आता मेंदूत काय घडतं ते पाहू. मेंदूत पेशींना चेतवणारी रसायनं असतात आणि शांत करणारीही. गाडीत ॲक्सिलरेटर असतो आणि ब्रेक असतो, तसं. ‘गाबा’ हा मेंदूतला मुख्य ब्रेक. मुलगी वयात येते तेव्हा बीजकोशांतून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं स्रवू लागतात, आणि ती काही गर्भाशयापुरती थांबत नाहीत. रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. इस्ट्रोजेन सर्वसाधारणपणे पेशींना चेतवण्याच्या बाजूचं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्ननोलोन नावाचं द्रव्य बनतं, ते गाबाचं काम जोरदार करतं, म्हणजे ब्रेक घट्ट लावतं. पाळी यायच्या अगदी आधी प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. ब्रेकवरचा पाय एकदम उचलला जातो. ज्या मेंदूत फिटची प्रवृत्ती आधीच आहे, त्याला तो झटका सोसत नाही.

अमेरिकेतले डॉक्टर अँड्र्यू हर्झॉग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली याचे तीन नमुने मांडले. पहिल्यात पाळी यायच्या आधीचे तीन दिवस आणि आल्यानंतरचे तीन दिवस फिट वाढतात. दुसऱ्यात महिन्याच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमारास वाढतात, कारण तेव्हा इस्ट्रोजेनची लाट उसळते. तिसऱ्यात महिन्याचा जवळजवळ सगळा उत्तरार्धच त्रासाचा जातो, कारण त्या महिन्यात बहुधा बीज सुटलेलंच नसतं, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होत नाही. अपस्मार असलेल्या स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश जणींत यांपैकी एखादा नमुना सापडतो.

तिसरा नमुना नीट लक्षात घ्या, कारण तो आपल्या मुलींच्या वयाचा आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं पुष्कळ महिन्यांत बीज सुटत नाही. रक्तस्राव होतो, पण चक्र अजून पुरतं बसलेलं नसतं. ॲक्सिलरेटर आला, ब्रेक अजून यायचा आहे. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत औषधावर छान सांभाळलेली मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी पुन्हा फिटनं त्रासते, आणि घरात प्रश्न सुरू होतात. मोबाइल फार बघते का? अभ्यासाचा ताण घेते का? गोळ्या चुकवते का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण पाळी कधी येते, हा चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुष्कळदा उत्तर त्याच्यापाशीच असतं.

आणखी एक अगदी साधी गोष्ट. या वयात मुलगी भराभर वाढते. नऊ वर्षांची असताना पंचवीस किलोची होती, तेरा वर्षांची होते तेव्हा चाळीस-पंचेचाळीस किलोची होते. गोळीचा डोस मात्र तोच राहिलेला असतो, कारण मध्ये फिट आली नाही म्हणून तपासणीला येणंही राहिलं. लहानपणीचा फ्रॉक होत नाही हे आपल्याला पटकन कळतं. लहानपणीचा डोसही आखूड होतो, हे कळायला फिट यावी लागते.

आता औषधांकडे वळते. आपल्याकडे औषधाचं शास्त्रीय नाव कुणी घेत नाही. ‘एप्टॉइन चालू आहे’, ‘टेग्रेटॉलवर होती, आता व्हॅलपरिन दिलंय’, असंच बोलतात. म्हणजे फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट. ही गुणकारी औषधं आहेत आणि त्यांनी लाखो माणसं उभी केली आहेत. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून, आणि फिनोबार्बिटोनसारखं स्वस्त औषध नसतं तर गरिबाला उपचारच मिळाला नसता. त्यामुळे मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून घरी जाऊन कुणी गोळी बंद करू नका, ही पहिली विनंती. औषध एकाएकी थांबवलं तर एकामागोमाग एक फिट येऊन जीव जाण्याचा धोका असतो. औषध बदलायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू.

पण चौदा वर्षांच्या मुलीच्या बाजूनं या औषधांकडे कुणीतरी बघितलं पाहिजे. फेनिटॉइन दीर्घकाळ घेतलं की हिरड्या सुजून दातांवर चढतात, चेहऱ्यावर लव वाढते, मुरमं येतात. डॉक्टरांच्या नोंदीत याला ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणतात. रोज आरशासमोर उभी राहणाऱ्या, वर्गातल्या मैत्रिणींशी स्वतःला ताडून बघणाऱ्या मुलीला विचारा, हे किरकोळ आहे का? टोपिरामेटनं बोलताना शब्द आठवेनासे होतात. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून सांगता येत नाही. लेव्हेटिरासिटमनं काही मुली चिडचिड्या होतात, रडतात, आणि घर म्हणतं, ‘वयच तसलं आहे.’ वय तसलं असेलही. पण आधी चिठ्ठी बघा, औषध कधी सुरू झालं ती तारीख बघा.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारं औषध म्हणजे व्हॅल्प्रोएट. त्याचा शोधही योगायोगाचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे काही नवी द्रव्यं तपासली जात होती. ती विरघळवण्यासाठी जो द्रव वापरला, तोच फिट थांबवतो असं ध्यानात आलं. आजही काही प्रकारच्या अपस्मारांत त्याच्याइतकं परिणामकारक औषध नाही. ब्रिटनमधल्या सॅनाड-दोन या मोठ्या चाचणीनं २०२१ साली हे पुन्हा दाखवलं.

पण १९९३ साली फिनलंडच्या इसोजार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्मार असलेल्या २३८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के जणींच्या बीजकोशांत अनेक लहान गाठी होत्या, ज्याला आपण सर्रास पीसीओडी म्हणतो. निरोगी स्त्रियांत हे प्रमाण १८ टक्के होतं. आणि ज्यांना हे औषध वयाच्या विसाव्या वर्षाआधी सुरू झालं होतं, त्यांच्यापैकी ८० टक्के जणींत एक तर या गाठी होत्या, नाही तर पुरुषी संप्रेरकं वाढलेली होती. पाळी लांबणं, वजन वाढणं, हनुवटीवर केस येणं, डोक्यावरचे केस गळणं, अशी याची लक्षणं. अपस्मार स्वतःही संप्रेरकांचा तोल ढळवतो, आणि शहरातल्या मुलींत पीसीओडी इतर कारणांनीही दिसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष औषधालाच देता येणार नाही. पण औषध बदलल्यावर यांतले बरेच बदल मागे फिरतात, हेही त्याच गटानं पुढे दाखवलं. म्हणून पाळी लांबलेली मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, तेव्हा फिटच्या गोळ्यांचं नाव तिथे सांगितलंच पाहिजे. होतं काय, की एका डॉक्टरांकडे एक फाइल जाते आणि दुसऱ्यांकडे दुसरी. पाळी आणायच्या गोळ्या एकीकडून मिळतात, फिटच्या दुसरीकडून. दोन्ही फाइली एकाच कपाटात, एकीवर एक ठेवलेल्या असतात.

व्हॅल्प्रोएटची दुसरी बाजू याहून गंभीर आहे. हे औषध चालू असताना गर्भ राहिला, तर साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मजात व्यंग दिसतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. १०० पैकी ३० ते ४० मुलांची बौद्धिक आणि वर्तनाची वाढ मागे पडते. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं १९९८ पासून अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही ठेवली आहे. जगात जे दिसलं ते आपल्या स्त्रियांतही दिसतं, हे तिच्यामुळे आपल्याला कळलं. ब्रिटननं २०१८ पासून मूल होण्याच्या वयातल्या मुली आणि स्त्रियांसाठी या औषधावर कडक अटी घातल्या. २०२४ पासून तर पंचावन्न वर्षांखालच्या कुणालाही ते नव्यानं सुरू करायचं, तर दोन तज्ज्ञांनी ‘दुसरा उपाय नाही’ असं मान्य करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, चौदा वर्षांच्या मुलीपुढे गर्भारपणाच्या गोष्टी कशाला? कारण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. त्या वेळी औषध बदलून उपयोग नाही. आणि चौदाव्या वर्षी सुरू केलेलं औषध, फिट येत नाहीत म्हणून, चोविसाव्या वर्षीही तसंच चालू असतं. मधल्या दहा वर्षांत तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं. चिठ्ठी मात्र तीच. म्हणून हा विचार चिठ्ठी पहिल्यांदा लिहिताना करायचा.

हे सोपं नाही, हेही सांगते. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार आहे, जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसतो आणि हातातला चहाचा कप पडतो. आई म्हणते, वेंधळी आहे. मग एखाद्या जागरणानंतर मोठी फिट येते. या आजारावर व्हॅल्प्रोएट फार चांगलं चालतं. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइननं तो उलट वाढू शकतो. लेव्हेटिरासिटम किंवा लॅमोट्रिजिन देऊन बघता येतं, पुष्कळ मुलींना पुरतं, काहींना पुरत नाही. ज्यांना पुरत नाही, त्यांच्याबाबत आजचा धोका आणि उद्याचा धोका तराजूत घालावा लागतो. तो तराजू डॉक्टरांनी एकट्यानं धरू नये. आईबापांनीही एकट्यानं धरू नये. जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिला समोर बसवून, तिच्या भाषेत सांगून, तिला विचारून निर्णय व्हावा.

आणखी काही गोष्टी भराभर सांगते, कारण त्या रोजच्या आहेत. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन यांनी यकृताचं काम वेगानं चालू लागतं. त्यामुळे शरीरातलं ‘ड’ जीवनसत्त्व लवकर खर्च होतं आणि हाडं भरायच्या नेमक्या वयात हाडं कमजोर राहतात. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याच कारणानं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतं आणि थांबलेल्या फिट परत येऊ शकतात. गर्भनिरोधक म्हटल्यावर कपाळावर आठी नको. याच गोळ्या पीसीओडीसाठी, अनियमित पाळीसाठी कॉलेजच्या मुलींना लिहून दिल्या जातात.

आणि आपल्याकडची खास गोष्ट, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात गौरी आहेत, सत्यनारायण आहे, बहिणीचं लग्न आहे, की औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि मुलीला दिल्या. त्याही संप्रेरकाच्याच गोळ्या आहेत. फिटची औषधं घेणाऱ्या मुलीला त्या परस्पर देऊ नका. देवाला तिची पाळी अडत असेल असं मला वाटत नाही. पण तुमची श्रद्धा असेल, तर निदान डॉक्टरांना एक फोन करा.

सणांचा विषय निघालाच आहे. कमी झोप हा फिटला मिळणारा सगळ्यांत मोठा धक्का. पुण्यातली मुलगी विसर्जनाची मिरवणूक बघायला रात्रभर लक्ष्मी रस्त्यावर उभी राहते, मंगळागौर जागवते, हरताळकेला पाणीही पीत नाही, कोजागरीला गच्चीवर बसते. दहावीच्या परीक्षेआधी पहाटे चारला उठते. यांतलं सगळंच तिच्यापासून काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. मैत्रिणींतून उठवून घरात बसवलेली मुलगी आजारापेक्षा त्या एकटेपणानं जास्त खचते. पण ठिपक्याच्या आसपासचे दिवस असतील, तर त्या दिवसांत जागरण नको, उपास नको, गोळी वेळेवर. एवढं दिनदर्शिकेवरून आधीच ठरवता येतं. काही मुलींना डॉक्टर त्या मोजक्या दिवसांपुरती क्लोबाझामसारखी जादा गोळी देतात. पण ते दिवस कोणते, हे सांगायला नोंद हवी. नोंद नसेल तर उत्तम डॉक्टरही अंदाजच करणार.

आता लग्नाबद्दल बोलायला हवं, कारण मुलींच्या अपस्माराबद्दलची सगळी लपवाछपवी अखेर लग्नापाशी येऊन ठेपते. कायद्यानंच आपल्याला तसं शिकवलं होतं. १९७६च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाच्या आड येणारा दोष ठरला, तोही वेडेपणाच्या शेजारी बसवून. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ साली. तेवीस वर्षं या देशातल्या मुलींच्या आयांनी तो शब्द उरावर बाळगला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही स्पष्ट म्हटलं, की अपस्मार हा असाध्य आजार नाही, मनोविकार नाही, आणि घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही. कायदा बदलला. पण बघण्याच्या कार्यक्रमाआधी फाइल माळ्यावर टाकणं थांबलेलं नाही. मग ती मुलगी सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवून घेते, सगळ्यांच्या आधी उठून घेते, एखाद्या दिवशी घेतच नाही. आणि फिट नेमकी त्या दिवशी येते.

याच शहरात या लपवाछपवीला उत्तर शोधणारी माणसं आहेत. यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला ‘संवेदना फाउंडेशन’ हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट पुण्याचा. स्वतः हा आजार अनुभवलेल्या व्यक्तीनं इतरांना एकत्र बसवावं, मोकळेपणानं बोलायला लावावं आणि आजार न लपवता लग्नं जुळावीत यासाठीही झटावं, याचं मोल मी डॉक्टर म्हणून जाणते. मी चिठ्ठी लिहू शकते. ‘मलाही फिट येते, आणि मी इथे तुझ्यासमोर उभी आहे’ हे वाक्य मी लिहून देऊ शकत नाही.

असं मोकळं बोलणं मराठीला नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. शरीराबद्दल मराठीत उघड, स्वच्छ आणि शास्त्रशुद्ध बोलता येतं, हे त्यांनी कोर्टकचेऱ्या सोसून दाखवलं. मराठीला शब्द कमी पडले नाहीत, आपल्याला धीर कमी पडतो. ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ असं म्हणायचं आणि मूळ शब्द टाळायचा. या पांघरलेल्या शब्दांनी आजवर कुणाची फिट थांबलेली नाही.

म्हणून शेवटी चौघांना चार विनंत्या.

माझ्या डॉक्टर मित्रांना: वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पाळीबद्दल विचारा, आणि काही मिनिटं तरी तिच्याशी एकटीशी बोला. बारा ते चौदा या वयात वजन, डोस आणि औषधाची निवड नव्यानं तपासा. फिट येत नाहीत म्हणून जुनी चिठ्ठी तशीच उतरवू नका.

शिक्षकांना: वर्गात फिट आली तर मुलीला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. आणि शुद्धीवर आल्यावर तिला सगळ्यांच्या नजरेसमोर एकटी ठेवू नका. लघवी झाली असेल, पाळीचे दिवस असतील. ओढणी अंगावर टाकणारी एक मैत्रीण त्या वेळी औषधाइतकीच लागते.

आईंना, आणि विशेष करून बाबांना: बाबा, तुम्ही लाल फुली इतक्या काळजीनं मारता, तर ठिपका दिसल्यावर खिडकीबाहेर बघू नका. तोही तुमच्याच मुलीच्या तब्येतीचा भाग आहे.

आणि मुलींनो, आज या सभागृहात तुम्ही मागच्या रांगांत बसला आहात, तुम्हाला. गोळीचं नाव पाठ करा, डोस पाठ करा. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी दोन्ही गोष्टी सांगा. आणि दोन्ही खुणा स्वतः करा.

ज्या मुलीपासून मी सुरुवात केली, तशीच एक पुढच्या तपासणीला आली होती. तिनं पिशवीतून तीन महिन्यांची पानं काढून टेबलावर पसरली. ठिपके होते, पण आता पेन्सिलीचे नव्हते. फुल्याही होत्या. दोन्ही निळ्या पेननं, एकाच हातानं काढलेल्या. पाच फुल्यांपैकी चार ठिपक्यांना अगदी लागून होत्या. बाबा खुर्ची पुढे ओढून पानावर वाकले आणि बोट ठेवून मोजू लागले. मग त्यांनी मला विचारलं, “म्हणजे पुढचे दिवस आपल्याला आधीच कळतील?”

हो, असं मी म्हणायच्या आत ती म्हणाली, “मी सांगेन ना, बाबा.”